दोन मेलेल्या बश्या

१

काचेच्या दोन बश्या खिडकीच्या उजेडात धरल्या, आणि दोन्ही कोऱ्या निघाल्या.

प्रयोगशाळेत चौघं जण उभे होते. सिगारेटीच्या धुराची परीक्षा तिथे रोजच चाले. यंत्र सिगारेटी ओढतं, धूर गाळणीच्या चकतीवर धरला जातो, चकतीवरचा मळ द्रावात उतरवून तो बशीत वाढवलेल्या पेशींवर सोडतात, आणि मग तांबडा रंग घालतात. जिवंत पेशी रंग पितात. मेलेल्या पीत नाहीत.

एका बशीत लवंगेचा नवा अर्क फवारलेल्या सिगारेटींचा धूर होता. ती कोरी निघेल असं सगळे धरूनच चालले होते. दुसरीत साध्या सिगारेटींचा धूर होता, नुसती तंबाखू आणि कागद. तेवढ्या धुरानं तिथल्या पेशी मरत नाहीत, हे आजवर दर वेळी दिसलं होतं. ती लाल निघायला हवी होती. तिच्या कडेला जेमतेम गुलाबी झाक होती, बाकी सगळी पांढरीफटक.

"म्हणजे साधीही तेवढीच मारते," कारखान्याचे व्यवस्थापक सुगिहार्तो म्हणाले. "अर्कानं वेगळं काही होत नाही. असंच ना?"

प्रश्न सगळ्यांना होता, नजर मात्र नास्तितीवर होती. गेल्या महिन्यात तिनेच अहवाल दिला होता की अर्काची बशी मेली, साधी जगली, म्हणजे अर्क धुराला जास्त विषारी करतो. त्या अहवालापायी अर्काचं काम अडलं होतं. आता सर्वांच्या देखत परीक्षा पुन्हा झाली आणि तिचा अहवाल उताणा पडला.

"कुणी पढवलं होतं तुला?" सुगिहार्तोंनी शांतपणे विचारलं.

नास्तितीनं प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे पाहिलं. पाक विदाग्दो. सगळं कुदुस गाव त्यांना पाक गुरु, म्हणजे गुरुजी, म्हणायचं. त्यांनीच तिला हाताला धरून हे काम शिकवलं होतं. ते बश्यांकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले की पोरीला लगेच चोर ठरवू नका, बाहेरचं कुणीतरी बोलावून नीट चौकशी करा.

शुक्रवारी राजधानीहून समिती येणार होती. हा निकाल तिच्यापुढे गेला की अर्क प्रत्येक पाकिटात जाणार आणि नास्तितीचं नाव देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत खोटा अहवाल देणारी म्हणून पोचणार. तिचं ओळखपत्र त्याच दुपारी काढून घेतलं गेलं.

२

चौकशीसाठी बू हाप्सारी, म्हणजे हाप्सारीबाई, सेमारांग शहराहून बसनं आली. उतरताक्षणी लवंगेचा वास तिच्या अंगावर आला. लवंगेच्या सिगारेटींच्या कारखान्यांतून, अंगणातल्या सुपांतून, सिगारेटी वळणाऱ्या बायकांच्या पदरांतून येणारा तो वास तिच्या बालपणाचा होता. तिठ्यावरच्या गाडीवर म्हशीच्या मटणाचा सोतो, म्हणजे रस्सा, खाऊन होईपर्यंत तो नाहीसा झाला. वास कुठे जात नाही, नाक जातं. कुदुसला जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

पाण्याच्या आणि खाण्याच्या प्रयोगशाळा तपासणं हे हाप्सारीचं आताचं काम. पण तिची सुरुवात इथलीच, पाक गुरुंच्या हाताखाली. त्यांनीच तिचं नाव सुचवलं होतं. मुलीचा बचाव करायला गुरुंनी आपल्याला बोलावलं, या विचारानं तिचा ऊर भरून आला होता.

सुगिहार्तोंनी आधी तिला बसवून चहा पाजला आणि मग टोमणा मारला. गुरुची एक शिष्या दुसरीला सोडवायला आली, आमच्या वेळी असलं नव्हतं बाई, असं म्हणाले. माणूस रोखठोक होता. अर्क त्यांना हवा आहे हे त्यांनी लपवलं नाही. अस्सल लवंग परवडेनाशी झाली आहे, अर्क नाही मिळाला तर बायका हातानं सिगारेटी वळतात ती शाळा बंद करून यंत्रं आणावी लागतील, हेही सांगितलं.

"मग बश्यांना हात लावायचं कारण तुमच्याकडेच आहे," हाप्सारी म्हणाली.

"आहे ना. पण अक्कल नाही. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, बू. सही करा म्हणाले, केली."

पाक गुरु आपल्या खोलीत खिडकीशी बसले होते. थकलेले दिसत होते. हाप्सारीनं वाकून त्यांचा हात कपाळाला लावला. त्यांनी टेबलावरची काचेची जाड बरणी ओढली, रबरी कड्याचं झाकण खटका दाबून उघडलं, एक सिगारेट काढली आणि झाकण लगेच पुन्हा बसवलं.

"अजून तीच बरणी?" ती हसली. "सगळे खिशात पाकीट ठेवतात."

"म्हाताऱ्याच्या खोडी. आणि लवंग मला सोसत नाही, तुला माहितेय."

सगळ्या गावात साधी सिगारेट ओढणारा हा एकटा माणूस, यावरून विद्यार्थी त्यांना पूर्वी किती चिडवायचे. ती आठवण निघाली आणि दोघंही हसली. मग हाप्सारीनं मनातलं त्यांच्यासमोर मोकळं केलं. फरक नाहीसा झाला असं सगळे म्हणतात. पण अर्काची बशी मागच्या वेळीही मेली होती, आताही मेली. अर्क काही निर्दोष ठरलेला नाही. बदलली आहे ती साधी.

"कुणीतरी साध्या सिगारेटींना काहीतरी केलंय, पाक गुरु. गडबड तिथे आहे."

त्यांनी धूर सोडला आणि मान हलवली. "तेच तर होऊ शकत नाही, पोरी. परीक्षेआधी दोन दिवस सिगारेटी कपाटात होत्या. कपाटाला तीन सह्यांचं सील होतं. सील मी स्वतः सगळ्यांसमोर तोडलं, आणि ते अखंड होतं."

३

ओढणारं यंत्र सांभाळणारा पुजी हा गप्पिष्ट मुलगा. मुलगा म्हणायचं एवढंच, दोन लेकरांचा बाप होता. आधी पाकिटं बांधायच्या खात्यात होता, तिथून पाक गुरुंनी इकडे आणला. म्बाक नास्तितीनं, म्हणजे नास्तितीताईनं, असलं काही केलं असेल हे त्याला मुळीच पटत नव्हतं, आणि हे तो जोरात बोलून मागे दाराकडे बघायचा.

हाप्सारीनं त्याला कपाटं दाखवायला सांगितलं. एका भिंतीला दोन होती, काचेच्या दारांची, आत जाळीचे ट्रे आणि वर छोटा पंखा. सिगारेट ओलसर असली की एक धूर देते आणि सुकी असली की दुसरा. म्हणून ओढण्याआधी सगळ्या सिगारेटी दोन दिवस ठरलेल्या दमट हवेत उघड्या पसरून ठेवतात. हवा दमट राहावी म्हणून पाण्याची एक बाटली असते, तिच्यातून वात वर गेलेली.

"दोन्ही कपाटं वापरता?"

"एरवी हो. साधी डावीकडे, लवंगेची उजवीकडे. पण त्या दिवशी डावं बिघडलं होतं. ओल दाखवणारा काटा पार खाली. पाक गुरुंनीच सकाळी बघितलं."

हाप्सारीनं डावं कपाट उघडलं. पंखा चालू होता, काटा जागेवर होता. तिनं विचारलं की दुरुस्त कुणी केलं. पुजी ओशाळला. बिघडलं असं नव्हतंच, बाटली कोरडी पडली होती, नंतर पाणी घातल्यावर झालं ठीक. आदल्या संध्याकाळी तर त्यानं ती काठोकाठ भरली होती. पण गुरुंसमोर असं कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसला.

"मग सिगारेटी?"

"उजव्या कपाटात ठेवल्या. साधी वरच्या ट्रेवर, अर्काची खालच्या. पाक गुरु म्हणाले, बरंच झालं, दोघींना एकच हवा, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की एकीला जास्त ओल मिळाली. सगळ्यांना पटलं. मग दार लावून सह्या."

हाप्सारीलाही ते पटलं. कालपासून तिचं नाक मेलेलं होतं आणि पाक गुरुंवरचा विश्वास जिवंत होता.

"नास्तितीची सही नाही?"

"ती नव्हतीच. पाक गुरु म्हणाले, तू लांब राहा, नाहीतर लोक तुझ्याकडेच बोट दाखवतील."

किती जपतात, असं हाप्सारीच्या मनात आलं. राहिली एकच शक्यता. कुणीतरी आधीच साध्या सिगारेटी बदलून दुसऱ्याच ठेवल्या असाव्यात. तिनं पुजीकडून ट्रेमध्ये उरलेली एक साधी सिगारेट मागितली आणि मूळच्या बंद डब्यातली एक. दोन काचेच्या नळ्यांत दोन सिगारेटी घातल्या, घट्ट बुचं लावली, वर खुणा केल्या, आणि सकाळची बस धरून ती नास्तितीला भेटायला निघाली.

४

नास्तिती जुवानाला आईवडलांकडे गेली होती. घर खाडीच्या तोंडाशी, पुढे मासळी सुकवायचं अंगण. वारा समुद्रावरून येत होता. हाप्सारीला मिठाचा, खाऱ्या मासळीचा, ओल्या दोरांचा असे सगळे वास एकेक करून येऊ लागले, आणि तेव्हा तिला कळलं की दोन दिवस आपल्याला कसलाच वास आला नव्हता.

पोरीनं रडून डोळे सुजवले होते. आई आत भांडी आपटत होती, पाहुणीला ऐकू जाईल अशी बडबडत होती की शिकवलं काय आणि झालं काय. हाप्सारीनं तिकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही नळ्या तिनं नास्तितीपुढे ठेवल्या आणि विचारलं की या तिच्याच सिगारेटी आहेत का.

नास्तितीनं नळीतून दोन्ही फिरवून पाहिल्या. शिवणीवर बारीक हिरवी रेघ होती. तसला कागद तिनं मुद्दाम मागवला होता, दुसरीकडे कुठे नव्हता. "माझ्याच. दोन्ही साध्याच आहेत, बू. कुणी बदलल्या नाहीत."

म्हणजे तीही वाट बंद झाली. कपाटाला हात लागला नव्हता, सिगारेटी बदलल्या नव्हत्या, आणि तरी साधी बशी मेली होती. हाप्सारीनं वैतागून एका नळीचं बूच काढलं. बंद डब्यातली सिगारेट. तंबाखूचा वास, थोडा मधासारखा. तिनं दुसरीचं बूच काढलं.

तिनं पुन्हा एकदा हुंगलं.

लवंग. नाकाला झोंबेल अशी लवंग, साध्या सिगारेटीला.

तिनं नळी नास्तितीच्या नाकाशी धरली. नास्तिती दचकून मागे सरली.

"कपाटात," हाप्सारी सावकाश म्हणाली. "दोन दिवस, उघडी, अर्काच्या ट्रेच्या वर. वर पंखा हवा फिरवतोय. सगळा अर्क शोषला हिनं. साधी राहिलीच नाही ती."

"एका कपाटात?" नास्तितीनं विचारलं. "दोन्ही? असं कसं ठेवलं? पहिल्याच आठवड्यात शिकवतात की तंबाखू शेजारचा वास ओढून घेते. मी असते तर ठेवूच दिलं नसतं." मग ती थांबली. "कुणी ठेवायला सांगितलं, बू?"

उत्तर हाप्सारीला आधीपासून माहीत होतं, पुजीनं सांगितलंच होतं. पहिल्या आठवड्यात शिकवतात. हो, तिलाही शिकवलं होतं, आणि त्याच माणसानं. इतक्या वर्षांत पाण्याच्या बाटल्या तपासता तपासता ती ते विसरली होती. परीक्षेच्या वेळी सिगारेटींचे ट्रे सगळ्यांनी हाताळले, यंत्रात लावले, पण लवंगेचा वास कुणालाच आला नाही. कुदुसमध्ये तो येणार कसा? तो तर भिंतींनाही आहे.

तिनं दोन्ही नळ्यांना पुन्हा घट्ट बुचं लावली.

५

पाक गुरु खोलीत एकटेच होते. दुसऱ्या दिवशी समिती येणार म्हणून टेबल आवरून ठेवलेलं होतं. हाप्सारीनं या वेळी त्यांचा हात कपाळाला लावला नाही. ती समोर बसली आणि तिनं ती जाड बरणी आपल्याकडे ओढली.

"पाक गुरु, ही बरणी कशासाठी?"

"सांगितलं ना, खोडी."

"खोडी नाही. उघड्यावर राहिल्या तर या गावच्या हवेत सिगारेटींना लवंग लागते. तुम्हाला ती सोसत नाही. स्वतःच्या चार सिगारेटी तुम्ही रबराच्या झाकणात जपता, आणि परीक्षेच्या सगळ्या सिगारेटी अर्काच्या शेजारी उघड्या ठेवायला सांगता?"

हाप्सारीला वाटत होतं की त्यांनी चिडावं, हसावं, तुझं डोकं फिरलंय असं म्हणावं. ती थांबली. ते नुसते बरणीकडे बघत राहिले, तेव्हा तिला पुढे बोलावंच लागलं.

सुगिहार्तोंना तंबाखूतलं काही कळत नाही, सांगाल तिथे सही करतात. कपाटं दोन का असतात हे पुजीला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना ते ठाऊक होतं अशी दोनच माणसं. त्यातल्या एकीला, तुझ्याच भल्यासाठी म्हणून, त्या सकाळी खोलीबाहेर ठेवलं. दुसऱ्यानं आदल्या संध्याकाळी भरलेली बाटली रिकामी करून डावं कपाट बिघडल्याचं दाखवलं. मग एकच हवा बरी, असं न्यायाचं बोलून दाखवलं. सील अखंड राहिलं, कारण ते तोडायची गरजच नव्हती. दार बंद झाल्यावर काम आपोआप होणार होतं.

"मला कालपासून एकच वाटतंय," ती म्हणाली. "की हे खोटं असावं."

पाक गुरुंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझी आई त्या शाळेत सिगारेटी वळायची," ते म्हणाले. "तिच्या बोटांवर मी शिकलो. अर्क गेला तर शाळा बंद. तिथे बसलेल्या बायका कुठे जातील, सांग. बशीत काय मेलं, हाप्सारी? पेशी मेल्या. रंग न प्यालेल्या पेशी."

"बशीत पेशी. बाहेर ओढणारी माणसं."

"ती तशीही ओढतात."

"आणि नास्तिती?"

ते खिडकीकडे वळले. "लहान आहे. दुसरीकडे लागली असती."

"खोटारडी म्हणून नाव लागल्यावर? कोण ठेवणार होतं तिला? तिला शिकवलंत तुम्ही. शिकवलेलं ती विसरली नाही, हीच तिची चूक." हाप्सारीचा आवाज चढला होता आणि तिला तो आवरता येईना. "आणि मला कशाला बोलावलंत? दुसरं कुणी सापडलं नाही?"

बाहेरच्या अंगणात बायकांची बोलणी ऐकू येत होती. जेवणाची सुट्टी होती.

"सुगिहार्तो जाकार्ताहून माणूस आणणार होता," पाक गुरु म्हणाले. "त्याला इथलं हवापाणी लागलेलं नसतं. त्याला पहिल्याच दिवशी वास आला असता. तू इथली. आणि तू माझ्यावर शंका घेतली नसतीस."

हाप्सारी उठली. बरणी तिनं पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. मग दाराबाहेर पडली.

६

समितीला तिनं बरणी दाखवली नाही. दोन नळ्या दाखवल्या आणि बाहेर अंगणापलीकडे, वाऱ्यावर नेऊन हुंगायला दिल्या. पुरे झालं. परीक्षा परत घ्यायचं ठरलं, दोन कपाटांत, दोन भिंतींना. सुगिहार्तो हाप्सारीला बाजूला घेऊन म्हणाले की सही करण्याआधी वाचत जाईन. शाळेचं काय होणार, हे तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, आधी निकाल येऊ दे.

नव्या परीक्षेच्या बश्या उजेडात धरल्या त्या दिवशी नास्तिती तिथे होती. अर्काची बशी कोरी. साधी लालभडक, कडेपासून कडेपर्यंत. पुजीनं टाळी वाजवली आणि कुणीच वाजवत नाही हे बघून हात खाली घेतले.

नास्तितीला तिचं ओळखपत्र परत मिळालं. तिनं ते गळ्यात घातलं नाही, हातातच धरून ठेवलं. मग पाक गुरुंच्या खोलीकडे गेली. हाप्सारी तिच्या मागोमाग गेली, कारण पोरीला एकटं सोडवेना. खोली रिकामी होती. पुस्तकं, चष्म्याचं घर, भिंतीवरचा आईचा फोटो, काही राहिलं नव्हतं. टेबलावर तेवढी बरणी राहिली होती, आत चार सिगारेटी.

"मी रोज सकाळी आधी त्यांचा हात कपाळाला लावायचे," नास्तिती म्हणाली. "त्या दिवशीसुद्धा लावला होता. मला बाहेर थांब म्हणाले तेव्हा वाटलं, केवढी काळजी माझी."

हाप्सारीलाही अगदी तसंच वाटलं होतं.

नास्तितीनं खटका दाबला, बरणीचं झाकण काढलं आणि टेबलावर बाजूला ठेवून दिलं. सिगारेटींना हात लावला नाही. मग ती डाव्या कपाटाच्या बाटलीत पाणी आहे का बघायला गेली. दोनेक दिवसांत त्या चार सिगारेटींना लवंगेचा वास लागणार होता, आणि तिथल्या कुणालाही तो येणार नव्हता.